चाळीस बादल्यांची हिरवळ

आमच्या घराण्यात सात पिढ्यांनी गवत उपटले. गवताला पाणी घालणारा मी पहिला.

याला कारण माझे शिक्षण. तेल्हाऱ्याजवळ आमचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, पालक, सांभार (पुण्याकडच्या वाचकांसाठी: कोथिंबीर). घरात अक्षरओळख म्हणाल तर बाजाराच्या दिवशी कोळशाने पोत्यावर खूण करण्यापुरती. अशा घरातून मी नागपूरला जाऊन बी. ए. झालो. ही गोष्ट मी पुढे दोन-चार वेळा पुन्हा सांगणार आहे. एक तर ती खरी आहे, आणि दुसरे म्हणजे नंतर जे घडले त्यात अभिमानाने सांगावे असे माझ्याजवळ एवढेच उरते.

बी. ए. झाल्यावर अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो. लागलो, पण कच्चा. कच्चा म्हणजे साहेबाच्या मनात आले तर कायम, आणि न आले तर पुन्हा तेल्हारा. गावी परत जायला माझी ना नव्हती. पण निघताना वेशीपर्यंत ताशा वाजवत पोचवायला आलेली माणसे अजून जिवंत होती.

आमचे साहेब गोरे, स्वभावाने बरे. उन्हाळा आला की ते मेमसाहेबांना घेऊन चिखलदऱ्याला जात, ते थेट मृगाच्या तोंडावर उतरत. त्यांचा माळीही सोबत जाई, कारण तिथेही बाग होती. मग इथल्या कॅम्पातल्या बंगल्याकडे कोणी पाहायचे? आमचे हेडक्लार्क दामले यांनी माझे नाव सुचवले. दामले पुण्याचे. माणूस परोपकारी, फक्त उपकार करताना समोरच्याला विचारत नसत. ते साहेबांना म्हणाले, "याचे लोक बागाईतदार आहेत. झाडं याच्या रक्तात आहेत."

साहेबांनी मला बंगल्यासमोर नेले. तिथे मेमसाहेबांनी स्वतः लावलेली हिरवळ होती. चांगली चार खाटा मावतील एवढ्या लांबीची आणि तेवढ्याच रुंदीची. साहेब मराठीची परीक्षा पास झाले होते, त्यामुळे त्यांना मराठीतच बोलण्याची हौस. ते म्हणाले, "बाबू, आम्ही परत येऊ. इथे बसून चहा घेऊ. हिरवळ हिरवी असेल, तर तुम्ही कायम."

हिरवी नसेल तर काय, हे त्यांनी सांगितले नाही. सभ्य माणूस!

त्याच दिवशी मी गावी पत्र टाकले: मला सरकारी बंगला मिळाला आहे. (मिळाल्या होत्या बंगल्यामागच्या नोकरांच्या दोन खोल्या. पण त्या बंगल्याच्या कुंपणात होत्या, हे कोणालाही नाकारता येणार नाही.)

आता माझी बायको यशोदा. ती अंजनगाव सुर्जीची, तीही भाजीवाल्याचीच लेक. पहिल्या दिवशी मी विहिरीवरून बादल्या आणून गवतावर ओतायला लागलो, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली.

"हे खातेत काय?"

"नाही."

"ढोराले टाकतेत?"

"नाही."

"मंग देवाले वाहतेत?"

"नाही. नुसतं पाहतात."

"पाहाले चाळीस बादल्या?"

(इथेच एक खुलासा करतो. माझ्या माणसांच्या तोंडात ळ टिकत नाही, त्याचा य होतो. ती "चायीस" म्हणाली होती. वाचकांना अडचण नको म्हणून मी सगळीकडे ळच लिहिणार आहे. माझ्या माणसांनी हे वाचले तर ती हसतील, पण ती वाचणार नाहीत.)

चाळीस बादल्या हा आकडा मात्र अचूक होता. वीस सकाळी, वीस संध्याकाळी. चैत्र लागला तसे विहिरीचे पाणी खाली गेले आणि आमचा दोर लांब होत गेला. आधी तो दोर होता. मग यशोदेचे जुने लुगडे त्याला जोडले. मग माझे धोतर. वैशाखाच्या तोंडाला विहिरीतून बादली वर येई तेव्हा तिच्यात अर्धा चिखल आणि एक बेडूक असे. बेडूक मी परत सोडत असे, तर दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा वर. शेवटी त्याची माझी ओळख झाली.

आणि गवत? गवताला या कशाचे काही नव्हते. ते आधी टोकांना पिवळे झाले, मग मध्ये टक्कल पडले, मग दोन टकले एकमेकांना मिळाली. लांबून पाहिले तर खरूज झालेले एखादे मोठे कुत्रे बंगल्यासमोर झोपले आहे असे वाटे. एका सकाळी मी वाकून एक काडी ओढली, तर ती मुळाशी कडकन मोडली. मी तिथेच बसलो. ती काडी म्हणजे माझी नोकरी होती.

पण मी बी. ए. होतो (दुसऱ्यांदा). शिकलेला माणूस रडत नाही, यादी करतो. मी कचेरीतला कोरा कागद आणला, टाकाने रेघा मारल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिले: "गवताच्या जागी लावावयाच्या वनस्पतीची पात्रता." खाली पाच कलमे. पाणी कमी लागावे. कापावी लागू नये. वीतभराच्या वर जाऊ नये. वरून चालले तरी मरू नये. आणि रंग हिरवा असावा. ही यादी मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यात काही चुकीचे नाही. फक्त सहावे कलम राहिले, आणि माझा सत्यानाश त्या सहाव्या कलमाने केला.

यादी घेऊन मी दामल्यांकडे गेलो. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि म्हणाले, "लाजाळू लावा." त्यांच्या मेव्हण्याच्या अंगणात होती म्हणे, गालिच्यासारखी. मी एका कोपऱ्यात लावून पाहिली. आली छान. दामले स्वतः पाहायला आले, चपला काढून कौतुकाने तिच्यावरून चालले आणि तिसऱ्या पावलाला खाली बसले. लाजाळूला काटे असतात हे त्यांच्या मेव्हण्याने कळवले नव्हते. शिवाय मी विचार केला, साहेब पाहुण्यांसह येणार, खुर्च्या टाकणार, आणि त्याच क्षणी सगळी हिरवळ पाने मिटून घेणार. साहेबांना तो अपमान वाटला असता.

त्यानंतर सराटा आला. तो मी लावला नाही, तो आपला आपण आला. मेलेल्या गवताच्या जागी जमिनीला चिकटून हिरवागार पसरला, बारीक पिवळी फुले, आणि पाण्याचा एक थेंब मागितला नाही. पाचही कलमांत पास! मी आनंदाने यशोदेला बोलावले. मला ऊन लागले असावे, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले.

"अवो, सराटा होय ना तो. मळ्यात लहानपनी पायात काय फुलं रुतत होते?"

खरे होते. पण चार वर्षे नागपूरला बूट घालून वावरलो की माणूस सराटा विसरतो. शिक्षणाचा हा तोटा कोणी सांगत नाही. आठ दिवसांत फुलांचे काटे झाले. दामले आपली सायकल थेट त्यातून घेऊन आले आणि दोन्ही चाकांची हवा घालवून, सायकल खांद्यावर टाकून घरी गेले. उपकार करणाऱ्या माणसाला आमच्या अंगणाने असा दुसऱ्यांदा प्रसाद दिला.

सगळा सराटा आम्ही दोघांनी बसून उपटला. जमीन उघडी पडली. साहेब यायला महिना-सव्वा महिना उरला. मी रात्री नीट जेवेना. यशोदा मात्र एका दुपारी मला हाताला धरून मोरीमागे घेऊन गेली. तिथे भांडी घासल्याचे पाणी जात असे, आणि त्या ओलीत, भर उन्हात, बारीक गुबगुबीत पानांची हिरवी चटई पसरली होती. तिने भाजी निवडून फेकलेल्या काड्यांतून ती आपोआप उगवली होती.

"चिवळ," ती म्हणाली. "अंगनात हेच लावा. वरून कोनी नाचलं तरी मरत नाही."

ज्यांना चिवळ ठाऊक नाही त्यांची मला कीव येते. आमच्या वऱ्हाडात ऐन उन्हाळ्यात, सगळी भाजी कोमेजते तेव्हा ही आंबटखारी पालेभाजी येते. मुगाची डाळ घालून किंवा बेसन लावून करावी, सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा. मग जेवणारा माणूस ताटावरून उठत नाही. मी यादी काढली. पाणी: कमी. कापणे: नको. उंची: दोन बोटे. तुडवणे: चालते. रंग: असा हिरवा की मेमसाहेबांचे मेलेले गवत पुन्हा मेले असते. पाचही कलमे!

बी मागवायला मी बाबांना पत्र लिहिले. आता तुम्हीच सांगा, त्यात काय लिहायचे? ज्या माणसाने जन्मभर मळ्यातले गवत उपटले, त्याला कसे कळवायचे की तुमचा शिकलेला मुलगा गवत मेले म्हणून जेवत नाही, आणि भाजी लावतो आहे ती खायला नव्हे, पाहायला? मी शिकलेल्या माणसासारखे मोघम लिहिले: "बंगल्यासमोर जागा मोकळी आहे. चिवळ लावीन म्हणतो. बी धाडावे."

बाबांना वाचता येत नाही. गावच्या मास्तरांनी ते पत्र पारावर मोठ्याने वाचून दाखवले, असे पुढे कळले. चार दिवसांत पोस्टाने कापडात शिवलेली पुरचुंडी आली आणि सोबत मास्तरांच्या अक्षरात एक कार्ड. त्यात एकच ओळ: "बी पाठवले आहे. तू शहाणा झालास, बरे वाटले."

बी. ए. झालो तेव्हा ते असे म्हणाले नव्हते.

मी राखेत बी मिसळून पेरले. आठ दिवस झारीने पाणी दिले, मग दिवसाआड भांड्यांचे पाणी पुरले. बेडकाची आणि माझी भेट थांबली. वीस दिवसांत बंगल्यासमोर असा गालिचा पसरला की रस्त्याने जाणारे टांगे हळू होत. दामले आले. (या वेळी जोडे घालून, सायकल रस्त्यावर ठेवून.) त्यांनी लांबूनच विचारले, हे कुठले विलायती गवत? मी म्हणालो, जमिनीवर पसरणारी एक रसाळ वनस्पती आहे. यात खोटे काय आहे? दामल्यांनी कचेरीत जाऊन चिखलदऱ्याला लिहून टाकले की हिरवळ पूर्वीपेक्षा दाट आहे. उलट टपाली मेमसाहेबांचा निरोप आला की त्या फार खूश आहेत आणि चहाला आणखी दोन साहेब आपापल्या मेमसाहेबांसह येतील.

कायम होणे एवढ्या जवळ आले की मी सहीचा सराव करू लागलो.

घरात मात्र कडक बंदी घातली. त्या चिवळीचे एक पान तोडायचे नाही. यशोदा रोज बंगल्याच्या ओट्यावर बसून समोर ते हिरवेगार शेत पाही आणि ताटात वाळल्या वांग्याची भाजी घेई. एकदा कडुलिंबाच्या बाजूचा कोपरा मला विरळ दिसला.

"उंदरं असतीन," ती म्हणाली.

त्या दिवशी आमच्या ताटात उंदरांनी आणलेल्या चिवळीची भाजी होती. मी दोनदा वाढून घेतली आणि उंदरांबद्दल पुन्हा विषय काढला नाही.

साहेबांचा दिवस ठरला. सोमवार, संध्याकाळी पाच. सकाळी मी हिरवळीवरून शेवटचा हात फिरवला. वर बारीक पिवळी फुले येऊ लागली होती, ती तर शोभाच. कचेरीत अर्धा दिवस काढला, दुपारी दामल्यांना घेऊन साहेबलोकांच्या क्लबातून सहा वेताच्या खुर्च्या आणि एक टेबल उसने घेतले, बैलबंडीत घातले आणि चारच्या सुमाराला कॅम्पाच्या रस्त्याला लागलो.

रस्त्यात एक आया भेटली. तिच्या हातात चिवळीची जुडी. मी मनात म्हणालो, बाजारात चिवळ आली वाटते. थोडे पुढे एक खानसामा, त्याच्या पिशवीत दोन जुड्या. मी म्हणालो, यंदा पीक चांगले दिसते. मग एक पट्टेवाला, सायकलच्या दांडीला तीन जुड्या बांधून. मी वाकून जुडीकडे नीट पाहिले. जुडी बांधायला केळीच्या खोडाचे वाळके सोपट वापरले होते, आणि गाठ डावीकडे होती. आख्ख्या वऱ्हाडात डावीकडे गाठ मारणारी बाई मला एकच माहीत आहे. ती माझी माय.

तेवढ्यात समोरून दामल्यांची बायको आली. पदराखाली तीन जुड्या. "अहो, काय ताजी भाजी मिळाली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्या साहेबांच्या फाटकाशी एक बाई बसलीय."

मी बंडीवरून उडी मारली आणि पळत सुटलो. बी. ए. झालेला माणूस भर कॅम्पातून धोतर वर धरून पळतो आहे, हे दृश्य अमरावतीने त्या दिवशी पाहिले.

फाटकाशी, कडुलिंबाच्या सावलीत, ओले गोणपाट अंथरून माय बसली होती. तिच्यापुढे जुड्यांची रास. मला पाहून तिचा चेहरा उजळला. मी तिच्या पाया पडायचेही विसरून आत पाहिले.

आत हिरवळ नव्हती.

काळी जमीन होती. नुसती जमीन नव्हे. कापून, खुरपून, ओळीने वाफे पाडलेली, वाफ्यांना बांध घातलेली, आणि प्रत्येक वाफ्यात पाणी चमकत होते. मधोमध बाबा उभे होते, धोतर गुडघ्याच्या वर, हातात विळा, आणि तोंडावर असे समाधान, जे माझ्या पदवीदान समारंभाला मला दिसले नव्हते.

"बाबा, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? तोडा केला. फुलावर आली होती ना बापा. अजून दोन दिस ठेवली असती तं जून होऊन फेकाच लागली असती."

"पण तुमाले सांगितलं कोनी?"

"सांगाले कायले पाह्यजे? तुहं पत्र आलं तवापासून दिस मोजून राहिलो मी. म्हटलं पोरगा कचेरीत गुंतला, सून एकटी, अन् माल उभा. तुह्या मायले म्हटलं, चाल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चांगली आनली होती रे. मले वाटलं होतं तू इसरला."

तेल्हाऱ्याहून अकोल्यापर्यंत बंडीत, अकोल्याहून रेल्वेत, बडनेऱ्याला गाडी बदलून, दोन विळे फडक्यात गुंडाळून ती दोघे माझे पीक वाचवायला आली होती. भाजीवाल्याच्या घरात कोणाचा माल जून होऊ दिला तर ते पाप असते. आगीत घर जळताना पाहणे आणि फुलावर आलेली भाजी पाहणे सारखेच. माझ्या यादीत राहिलेले सहावे कलम हेच: ती खाण्याची वस्तू नसावी. मी यशोदेकडे वळलो. ती ओट्यावर खाली मान घालून बसली होती, मांडीवर सोपटाच्या दोऱ्या.

"तू होतीस ना घरी? थांबवलं काहून नाही?"

ती कपबशा मागायला शेजारी गेली होती. परत आली तोवर अर्धे अंगण कापून झाले होते. सासऱ्यांसमोर बोलायची सोय नाही, म्हणून ती सासूला सांगायला धावली.

"मंग? सांगितलं का?"

"सांगनारच होती. पन आत्याबाईच्या हाताच्या जुड्या ढिल्या होऊन राहिल्या होत्या," ती म्हणाली. "म्हून मंग मी बसली बांधाले."

रक्त ते रक्त! मी कपाळाला हात लावला. मग एक शेवटची आशा धरली: जमीन नाही तर नाही, निदान चहा तरी चांगला करू. मी पाणी मागितले.

"पानी कोठचं?" बाबा म्हणाले. "इहिरीत होतं नव्हतं ते वाफ्यात सोडलं. दुसऱ्या तोड्याले ओल नको काय?"

यानंतर फाटकातून दोन मोटारी आत आल्या.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यातून वजा करायला तयार आहे. दामल्यांनी घाईने वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कुठे तर वाफ्यांत, कारण दुसरी जागाच नव्हती. पाहुण्यांपैकी एक साहेब त्यांतल्या एका खुर्चीवर बसले. खुर्चीचे मागचे दोन पाय हळूहळू काळ्या मातीत उतरू लागले आणि साहेबांचे तोंड हळूहळू आकाशाकडे वळले. मेमसाहेब पायरीवर उभ्या राहून आपली हिरवळ शोधत होत्या. त्यांच्या पांढऱ्या बुटांपुढे चिखल, चिखलात माझे बाबा.

साहेब म्हणाले, "बाबू. हिरवळ?"

दामले माझ्या कानाशी लागले. "रोजावरची माणसं आहेत म्हणा. तुम्हाला न विचारता कापलं म्हणा. आत्ताच्या आत्ता हाकलून द्या, वाचाल."

माणूस खरोखरच उपकारी. आणि खोटे कशाला सांगू, अर्धा क्षण मी विचार केला. माझे कायम होणे त्या अर्ध्या क्षणात होते, वेशीवरचा ताशा होता, नागपूरची चार वर्षे होती. बाबा विळा पुसत माझ्याकडे पाहत होते. त्यांना वाटत होते की आता मुलगा साहेबांना आपली ओळख करून देणार. दुसरे काही होईल हे त्यांच्या मनातही नव्हते.

"साहेब," मी म्हणालो, "हे माझे बाबा. फाटकाशी आहे ती माझी माय."

हे मी आधी इंग्रजीत सांगितले, मग मराठीत. मग तोल गेला आणि वऱ्हाडीतही सांगून टाकले.

बाबांनी हात जोडले. मग राशीतली चांगली जाडजूड जुडी निवडून मेमसाहेबांच्या हातात दिली. "पोराले रागावू नका सायब. तुमचं गवत वाळलं होतं, जमीन रिकामी पडली होती, त्यानं बरी कामी लावली. पंधरा दिसांनी या. दुसरा तोडा याच्याहून दाट येते."

चहा झालाच नाही, पाणी नव्हते. मायने घरून आणलेले ताक आणि यशोदेने दुपारी रांधलेली चिवळ-भाकर, तेवढेच घरात होते, तेच पुढे आले. खुर्चीसह रुतलेल्या पाहुण्या साहेबांनी आकाशाकडे तोंड करूनच दोन भाकरी खाल्ल्या. आमचे साहेब काही बोलले नाहीत. मला कळून चुकले की ते लिहिणार.

तिसऱ्या दिवशी माझ्या कागदांवर शेरा आला. दामल्यांनी तो मला वाचून दाखवला, पुण्याच्या शुद्ध उच्चारांत, त्यामुळे तो जास्तच लागला. "इसम प्रामाणिक आहे. परंतु त्याच्या हवाली केलेली वस्तू त्याच्याच घरची माणसे कापून नेतात. आणखी एक वर्ष कच्चा ठेवावा."

कायम मात्र एक जण झाले. मेमसाहेबांना ती भाजी अशी लागली की त्यांनी बाबांना ठेवूनच घेतले. गावचा मळा माझ्या थोरल्या भावाकडे देऊन माय-बाबा बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायला आले. म्हणजे खोल्या आता त्यांच्या, आणि यशोदा व मी त्यांच्याकडे राहतो. कचेरीत नवा माणूस आला की माझी ओळख अशी करून देतात: बंगल्यावरच्या भाजीवाल्यांचा मुलगा, शिकलेला आहे म्हणतात.

आणि मृगाचा पाऊस लागून पाच-सहा दिवस झाले असतील, एका रविवारी बाबांनी मला वाफ्यात बोलावले. चिवळीच्या मधूनमधून हिरवे, तजेलदार कोंब फुटले होते. मी ते लगेच ओळखले. ज्याला मी चाळीस बादल्या घातल्या, ज्याच्यासाठी माझे धोतर विहिरीत गेले, तेच गवत. त्याच्यासाठी म्हणून एक थेंब कोणी घातला नव्हता.

"बाबा, हे तर मेलं होतं."

"हरळी कधी मरते काय? सात पिढ्यांपासून मारून राहिलो आपन, मेली नाही. उन्हाळ्यात वाळते, पानी पडलं का उठते. नुसतं सोडून द्या लागत होतं." त्यांनी माझ्याकडे खरोखर नवलाने पाहिले. "एवढं तं मले इचारलं असतं तरी सांगितलं असतं. तू बीच मांगितलं."

मग त्यांनी खुरपे माझ्या हातात दिले. तुला या गवताची सवय आहे, तूच काढ, आणि मुळी ठेवू नकोस, म्हणाले. मी बूट काढून ओट्यावर ठेवले आणि वाफ्यात उकिडवा बसलो.

आमच्या घराण्यात आता आठ पिढ्यांनी गवत उपटले आहे. आठवी बी. ए. आहे.